अकरावी आर्टला विषय कसे निवडायचे: खेड्यातून येणाऱ्या पोरापोरींसाठी

मागच्या जूनमधली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमारास आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीपाशी एक गृहस्थ उभे होते. खांद्यावर दुपट्टा, हातात कृषी केंद्राची कापडी पिशवी. पिशवीत पोरीची गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, सगळं युरियाच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. पेरणी तोंडावर होती आणि त्यांना तीनच्या गाडीनं परत जायचं होतं.

"सर, पोरीले आर्टले टाकतो म्हनलं. विषय तुमीच टाकून द्या ना चांगले."

पोरगी दोन पावलं मागं उभी होती. तिला विचारलं, "तुला काय आवडते, बाई?"

"इथं जे हायेत ते," ती म्हणाली.

यवतमाळ जिल्ह्यात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवता शिकवता हे उत्तर मी सोळा वर्षं ऐकतो आहे. त्या पोरीला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण मी अकरावीत होतो तेव्हा मलाही काही कळत नव्हतं. मी फॉर्मवर भूगोल लिहिला होता. ऑगस्ट उजाडल्यावर हजेरीपटात दिसलं की माझ्या नावापुढे सहकार लागला आहे. सहकाराच्या वर्गात पोरं कमी पडत होती म्हणून खिडकीतल्या माणसानं परस्पर बदलून टाकलं होतं. सहकार वाईट विषय नाही. गावची सोसायटी कर्ज कसं वाटते, गटसचिव काय करतो, हे मला त्यातूनच समजलं. पण तो मी निवडला नव्हता, माझ्या गळ्यात पडला होता. तसं तुमच्या गळ्यात काही पडू नये म्हणून हे लिहितो आहे. ज्या क्रमानं लिहिलं आहे, त्याच क्रमानं करत गेलात तर बरं.

आधी सहा विषयांचं गणित समजून घ्या

आपल्या राज्य मंडळाच्या कला शाखेत सहा विषय असतात. पहिला इंग्रजी, तो सक्तीचा. दुसरी एक भाषा, बहुतेक ठिकाणी मराठी. उरलेले चार ऐच्छिक, आणि हा सगळा लेख त्या चारांबद्दलच आहे. शिवाय पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण असतं, पण त्यात निवडायचं काही नाही.

प्रत्येक विषय १०० गुणांचा. बहुतेक विषयांत ८० लेखी आणि २० तोंडी, प्रकल्प किंवा प्रात्यक्षिक. पास व्हायला ३५. "हा विषय स्कोरिंग आहे, तो नाही" असं कोणी सांगितलं तर एवढं लक्षात असू द्या की बहुतेकांची विभागणी सारखीच आहे. गुण विषय देत नाही, शिकवणारा आणि लिहिणारा मिळवतात.

चार ऐच्छिक विषयांसाठी मंडळाची यादी लांबलचक आहे. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, शिक्षणशास्त्र, बालविकास, सहकार, संगीत, चित्रकला, हिंदी, संस्कृत, पाली आणि आणखी बरेच. आर्टमध्ये गणितसुद्धा घेता येतं, हे तर अनेक शिक्षकांनाही ठाऊक नसतं. पण ही झाली मंडळाची यादी. तालुक्याच्या कॉलेजात यातले सहा-सात विषय असतात, आणि तेही गट पाडून: हा ग्रुप घ्या नाहीतर तो घ्या. ज्या विषयाचे शिक्षक आहेत तेच विषय असणार, हे उघड आहे. मानसशास्त्र तर तालुक्यात क्वचितच सापडतं.

म्हणून आमच्याकडची नेहमीची पद्धत उलटी करावी लागते. आधी कॉलेज ठरवून मग तिथले विषय गोड मानून घेऊ नका. आधी विषय ठरवा, मग ते कुठे मिळतात ते शोधा.

फॉर्म भरायच्या आधी चार कॉलेजांत विचारून या

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी आपल्या भागात ही पद्धत नागपूर आणि अमरावती शहरांपुरतीच होती. आता दारव्हा, धानोरा, सिंदखेडराजा, कुठलाही पोरगा तोच फॉर्म भरतो आणि १० कॉलेजांपर्यंत पसंती देतो. फॉर्मवर तुम्ही शाखा आणि कॉलेज निवडता. विषयांचा हिशेब होतो तो कॉलेजात गेल्यावर. आणि इथेच माणूस फसतो, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणजे "तिथं भूगोल नाही" हे प्रवेशाच्या दिवशी कळून उपयोग नाही. ते पसंती भरण्याच्या आधी माहीत हवं.

तेव्हा एस.टी.च्या टप्प्यात जी तीन-चार कॉलेजं आहेत तिथे एक चक्कर मारा, नाहीतर ओळखीच्या पोराला फोन करा. विचारायचं एवढंच: आर्टमध्ये कुठले ग्रुप आहेत? त्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावरचे? तास खरंच होतात का? भूगोल घेतला तर प्रात्यक्षिक कुठे होतं? शेवटचे दोन प्रश्न ऑफिसात विचारू नका, तिथे सगळं छानच असतं. ते बारावीच्या पोरांना विचारा. कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत खरं काय ते कळतं. "सर चांगले हायेत, पन डिसेंबरपासून येतात," असं एका पोरानं मला एका शेजारच्या कॉलेजाबद्दल सांगितलं होतं.

तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मला म्हणायचं नाही. काही जण फार उत्तम शिकवतात. पण त्यांची नेमणूक उशिरा होते आणि तोवर पोरांचे दोन-तीन धडे तसेच राहतात. हे धरून चाला.

पुस्तक उघडून पाहा

या एका कामाला दोन दिवस द्या. बाकी सगळं घाईत झालं तरी चालेल.

अकरावी-बारावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मोबाइलवर उतरवून घ्या. प्रत्येक विषयाचा पहिला धडा आणि मधला एक धडा वाचा. पहिला धडा नेहमी कंटाळवाणा असतो, व्याख्या आणि व्याप्तीचा. मधल्या धड्यात विषयाचा खरा चेहरा दिसतो. वाचताना स्वतःला विचारा: पुढचं पान उलटावंसं वाटलं का?

आता विषयांबद्दल माझं मत. मी राज्यशास्त्राचा माणूस आहे, तेव्हा थोडा पक्षपात धरून चालावं.

भूगोलापासून सुरू करतो, कारण तोच माझा हुकला. अकरावीत भू-हालचाली, खडकांचं विदारण, हवामान बदल, आपत्ती व्यवस्थापन. बारावीत लोकसंख्या, मानवी वस्ती, शेती-खाणी-उद्योग, प्रादेशिक विकास. विदर्भातल्या पोराला हा विषय घरबसल्या दिसतो. बुलढाण्यात लोणारचं सरोवर आहे, बेसाल्टच्या खडकात उल्कापातानं पडलेलं. अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथे विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. वणी-चंद्रपूरला कोळसा. भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. प्रात्यक्षिकाला स्थलनिर्देशक नकाशा वाचायला शिकवतात. आमच्या कॉलेजात भूगोलाच्या सरांनी एकदा आमच्याच भागाचा नकाशा टेबलावर पसरला आणि पोरं त्यावर तुटून पडली. एका पोरानं आपल्या गावाच्या पश्चिमेला एक नाव शोधून काढलं आणि घरी जाऊन आज्याला विचारलं. आजा म्हणाला, ती रिठी हाय, पटकीत गाव उठलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पोरगा वर्गात उभा राहून पाच मिनिटं बोलला. त्याआधी तो हजेरीखेरीज तोंड उघडत नसे. चित्र काढायची, आकडे लावायची थोडीशी आवड असेल तर भूगोल सोडू नका.

इतिहासाला पोरं सनावळीमुळे घाबरतात. अकरावीला प्राचीन भारत आहे, हडप्पापासून. बारावीला युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धं, शीतयुद्ध. इतकं लांबचं कशाला शिकायचं, असं वाटतं. पण १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वे पोचली ती कापसासाठी. यवतमाळ ते मूर्तिजापूर पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वेसुद्धा मूळ कापूस वाहायलाच टाकलेली. जगाचा इतिहास असा आपल्या धुऱ्यापर्यंत येतो. वाचायचा कंटाळा नसेल आणि मोठी उत्तरं लिहायला हात दुखत नसेल तर घ्या. वाचनच नकोसं असेल तर "सोपा आहे" म्हणून घेऊ नका, तो सोपा नाही.

राज्यशास्त्रात अकरावीला राज्य, स्वातंत्र्य, हक्क, समता, न्याय अशा कल्पना येतात, बारावीला १९९१ नंतरचं जग, सुशासन, भारताचं परराष्ट्र धोरण. आमच्या पोरांना हा विषय आधीच अर्धा येत असतो, कारण गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पानठेल्यावर तोच चालतो. फरक एवढाच की वर्गात पुरावा मागतात. मी हक्कांचा धडा घेतो तेव्हा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट सांगतो. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांची घोषणा "आमच्या गावात आम्हीच सरकार". किंवा हे घ्या: विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरातच का? त्याचं उत्तर १९५३ च्या नागपूर करारात आहे. अशा "का"ची सवय असेल तर हा विषय तुमचाच.

अर्थशास्त्राबद्दल जरा सावध करतो. अकरावीचं पुस्तक ओळखीचं वाटतं: पैसा, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था. त्यातला विभाजन मूल्यांचा धडा तेवढा आकडेमोडीचा. पण बारावीला उपयोगिता, मागणीची लवचीकता, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, नाणेबाजार असं येतं आणि आकृत्या सुरू होतात. कापसाचा भाव दिवाळीनंतर का पडतो हे समजून घ्यायचं असेल तर यासारखा विषय नाही. पण दहावीत गणितानं रडवलं असेल तर आधी बारावीचं पुस्तक पाहा, मगच होकार द्या. ज्यांना पुढे अर्थशास्त्रातच पदवी करायची आहे त्यांनी आर्टमध्ये गणित मिळतं का ते जरूर शोधावं. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी अर्थशास्त्र ऑनर्सला गणित लागतं.

समाजशास्त्र भाषेला सोपं आणि विचाराला खोल. कुटुंब, जात, लग्न, शिक्षण, आपल्या घरातलंच सगळं, पण दुरून बघायला शिकवतात. समाजकार्याकडे, बी.एस.डब्ल्यू.कडे जायचं असेल तर उपयोगी. तर्कशास्त्र मिळत असेल तर त्याला हसू नका. सत्यता कोष्टकं म्हणजे गणितासारखीच, बरोबर आली की पूर्ण गुण, आणि स्पर्धा परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीला डोकं तयार होतं. शिक्षणशास्त्र डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक व्हायच्या पदविकेला, जाणाऱ्यांना बरं पडतं, इतरांना माझ्या मते पुनरुक्तीचं वाटेल.

पालीबद्दल दोन शब्द. दीक्षाभूमी आपल्याकडे असल्यानं पालीचं नातं विदर्भात घराघरांशी आहे, आणि नागपूर विद्यापीठात एम.ए.पर्यंत पाली शिकता येतं. पुस्तक देवनागरीतच असतं. पण शिक्षक आहे का ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. गाइडवर भाषा शिकता येत नाही.

मराठी सोडून तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान घ्यायचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि काही कॉलेजं तसं देतातही. संगणकांची खोली उघडून दाखवा म्हणा. चालू संगणक मोजा, मग ठरवा.

आणि हो, आर्टचा पोरगा नापास होतो तो बहुतेक वेळा या चार विषयांत नव्हे, इंग्रजीत. चार ऐच्छिक विषय आवडीचे असले की इंग्रजीला वेळ उरतो. निवडीचा हाही एक फायदा.

कुठलं दार उघडतं, कुठलं लागतं

वडिलांचा खरा प्रश्न हाच असतो: "आर्टनं नौकरी लागते का?" त्याचं उत्तर गोडगोड देऊ नये.

आर्ट घेतलं की काही दारं लागतात, ती आधीच ऐकून घ्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली बी.एस्सी. कृषी ही पदवी विज्ञान शाखेनंतरच होते. घरी शेती आहे म्हणून पुढे कृषी करू असं मनात असेल तर आर्टला येऊ नका. बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी, तेही नाही. एन.डी.ए.मध्ये भूदलाला कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं.

उघडी दारंही कमी नाहीत. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासाला कुठलीही शाखा चालते. त्याची सी.ई.टी., म्हणजे प्रवेश परीक्षा, असते आणि बारावीत खुल्या वर्गाला ४५, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. वकील म्हणजे तहसीलच्या झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस, एवढंच चित्र डोक्यात असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाबद्दल वाचा. तिथला प्रवेश 'क्लॅट' परीक्षेतून होतो. डी.एल.एड. करून शिक्षक होता येतं, पण पुढे टी.ई.टी. ही पात्रता परीक्षा आणि भरतीची वाट पाहायची तयारी हवी. तलाठ्याला पदवी लागते, एम.पी.एस.सी.लाही पदवीच.

एम.पी.एस.सी.च्या नावाखाली फार गैरसमज आहे. "एम.पी.एस.सी. करायची म्हणून इतिहास-भूगोल-राज्यशास्त्र घ्यावंच लागते," असं कुठलाही क्लासवाला सांगेल. तसा नियम नाही. कुठल्याही विषयाचा पदवीधर बसू शकतो. मात्र पूर्व परीक्षेत हे विषय येतात आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता दीर्घोत्तरी झाली आहे, म्हणजे पानंच्या पानं मुद्देसूद लिहावं लागतं. ज्या विषयात तुम्हाला लिहावंसं वाटतं तो विषय अकरावीपासून हाताशी असलेला बरा.

विदर्भाबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांत किंवा वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात जायचं असेल तर सी.यू.ई.टी. ही परीक्षा पाहून ठेवा. ती मराठीतूनही देता येते. पण विषयांचे प्रश्न एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांवर असतात, तेव्हा आपल्या पुस्तकाबरोबर तीही चाळावी लागतील. तिथे विषय निवडायचे असतात, आणि बारावीत शिकलेले घेणंच सोयीचं. म्हणजे आज निवडलेला विषय दोन वर्षांनी तिथे पुन्हा भेटतो.

बस, पास आणि कागद

हे थोडक्यात. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे, मुलांना सवलतीचा. काही तालुक्यांत मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस धावतात, त्यांच्या वेळा डेपोत विचारा. आवडीचा विषय २५ किलोमीटरवर असेल आणि शेवटची गाडी साडेचारला असेल, तर भूगोलाचं प्रात्यक्षिक किती वाजता सुटतं हे आधी बघावं लागतं. वसतिगृहाचा अर्जही लगेच, नंतर जागा राहत नाहीत.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर मे महिन्यातच सेतूतून काढून ठेवा. जूनमध्ये तिथली रांग बँकेच्या पीककर्जाच्या रांगेएवढी होते. शिष्यवृत्तीसाठी पोराच्या नावाचं आधार जोडलेलं खातं हवं.

पहिले पंधरा दिवस

प्रवेशाच्या दिवशी विषयांचा फॉर्म पोरानं स्वतःच्या हातानं भरावा. पेन बापाच्या किंवा बाबूच्या हातात देऊ नये. भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढा. वर्ग सुरू झाले की पहिल्या आठवड्यात हजेरीपटात आपल्या नावापुढचे विषय वाचून घ्या. माझ्यासारखं ऑगस्टपर्यंत थांबू नका.

सगळ्या विषयांच्या तासाला बसा, जे घेतले नाहीत त्यांच्याही. कोणी उठवून लावत नाही. पंधरा दिवसांत एखादा विषय चुकल्यासारखा वाटला तर तेव्हाच बदला, कारण अकरावीला जे घेतलं तेच बारावीला पुढे न्यायचं असतं आणि उशीर झाला की मंडळापर्यंत लिखापढी करावी लागते.

त्या पोरीनं त्या दिवशी खिडकीवर काहीच ठरवलं नाही. तीनची गाडी गेली, बापलेक साडेपाचच्या गाडीपर्यंत वाचनालयात बसले आणि मी सहा पुस्तकं पुढ्यात ठेवली. बाप अर्थशास्त्राचा ग्रामीण विकासाचा धडा वाचत बसले, पोरीच्या आधी त्यांचाच विषय ठरला. तिनं मात्र भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास लिहून आणला. जुलैत तिला इतिहास नको झाला, अर्थशास्त्र हवं झालं. मी तिला प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहायला लावला: नाव, तुकडी, कोणता विषय सोडते, कोणता घेते, कारण एका ओळीत, पालकाची सही. अर्जाची एक प्रत ऑफिसात, आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती तिच्याकडे.